विकतचं जळण

कुऱ्हाड उचलायच्या आधी म्हातारा दोन्ही तळहातांवर थुंकायचा. आधी डाव्यावर, मग उजव्यावर. मग हात एकमेकांवर असे चोळायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा आता लढाईला निघाला. समोर असायचा एक ओंडका. घाव घालायच्या आधी कुणी बघतंय का, हे तो हमखास बघायचा. बघणारी बहुतेक वेळा मीच असायचे, भिंतीच्या अलीकडे, तोंडाला रुमाल बांधलेली. मी दिसले की म्हणायचा, "काय बघतीस? हात मोडल्यात काय माझं?"

मी काही विचारलेलं नसायचं. तरी हेच.

हे एक वाक्य म्हणजे त्याची सगळी विद्या. वखारवाला म्हणाला, "मामा, चार मोळ्या टाकू काय घरात?" की हा, "का? हात मोडल्यात काय माझं?" बसमध्ये कॉलेजातल्या एखाद्या मुलीनं उठून जागा दिली की, "बस, बस. पाय मोडल्यात काय माझं?" एवढाच फरक. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, आता जड काम बंद करा, तर तिथंही हात मोडल्यात काय. त्या बिचाऱ्या नवीन होत्या. त्यांनी खरंच दोन्ही हात तपासले.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असणार. दुसऱ्याच्या घरचं पेलाभर पाणी घेतलं तरी ज्याची इज्जत जाते, आणि ती इज्जत सांभाळायला घरातल्या बाकीच्यांना झिजावं लागतं. लोक अशा माणसाला स्वाभिमानी म्हणतात. मी माजोरी म्हणते.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं मसाल्याचं कांडप आहे. पुढं मशीन, मागं परडं, आणि परड्याच्या भिंतीपलीकडं म्हाताऱ्याचं परडं. घरात तो आणि त्याची बायको, आमची मामी, दोघंच. एकुलता एक मुलगा पुण्याला. म्हातारा जन्मभर एका फौंड्रीत राबला आणि निवृत्त झाल्यावर लाकडांच्या मागं लागला, असं लोक सांगतात. खोटं आहे. फौंड्रीत होता तेव्हाही संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला एखादी फांदी बांधूनच घरी यायचा. नोकरी हा त्याचा मधल्या वेळचा धंदा होता.

त्यांच्या परड्याच्या कोपऱ्यात न्हाणी, आणि न्हाणीच्या दारात तांब्याचा बंब. मधल्या नळीत जळण घालायचं, भोवतीनं पाणी तापतं, तोटी सोडली की कढत. आमच्या पेठेत अजून बऱ्याच घरांत बंब आहेत. पण लोक वखारीतनं बंबफोड आणतात, म्हणजे बंबाच्या नळीत जाईल अशी बारीक फोडलेली लाकडं. म्हाताऱ्याला ते चालायचं नाही. जळण आपण शोधायचं, आपण तोडायचं, आपण वाहून आणायचं, आपण फोडायचं, आणि मिरगाचा पाऊस यायच्या आत भिंतीला लावून रचायचं. "इकतच्या जळणानं पाणी तापतंय," तो म्हणायचा, "माणूस तापत न्हाय."

याचा अर्थ काय, हे मी एकदा मामीला विचारलं. मामी म्हणाली, "मला काय म्हाईत. लगीन झाल्यापास्नं ऐकतोय."

पावसाळ्याच्या तोंडावर लाईटीची माणसं तारांखालच्या फांद्या तोडत फिरतात. त्यांच्या गाडीमागं ह्याची सायकल, दांडीला सुतळीनं बांधलेली कुऱ्हाड. माणसं वर चढलेली आणि हा खालून त्यांना शिकवणार, फांदी कुठनं तोडा म्हणून. वाऱ्यात कुठं झाड पडलं की अग्निशमनच्या बंबगाडीच्या आधी हा हजर. एकदा रंकाळ्याच्या बाजूला गुलमोहर आडवा झाला, नेमका एका मोटारीवर. मालक डोक्याला हात लावून उभा. म्हाताऱ्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली, सालीवर नखानं ओरखडा काढून बघितला आणि मालकाला म्हणाला, "पावणं, वाईच गाडी मागं घ्या की. चांगली फांदी दबलीया खाली."

मोटारीचं टप पार सीटला टेकलं होतं. मालक जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हातारा मात्र घरी येऊन मामीला सांगत होता, हल्ली लोकांना साधं बोललेलं सोसत नाही.

बरं, त्या गुलमोहराला तरी मान द्यावा? तर तोही नाही. "गुलमोहर म्हंजे पुढाऱ्याचं भाषाण. भडाभडा पेटतंय, ऊब न्हाय." बाभळीपुढं मात्र हात जोडायचा बाकी. पाडलेल्या घरांच्या रंगवलेल्या चौकटींना शिवायचा नाही, रंगाचा धूर विषारी म्हणून. आणि करवत डोळ्यांसमोर नको. कुऱ्हाडीनं तुटतं तेवढंच माणसाचं, करवतीनं कापलेलं ते चोराचं, असलं काहीतरी त्याचं शास्त्र होतं. मी त्यात कधी डोकं घातलं नाही.

होळीच्या आधी तालमीची पोरं घरोघर शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा करतात, नदीवरच्या स्मशानात द्यायला. आमच्या कोल्हापुरात मेलेल्या माणसाला जळण फुकट मिळतं. सगळं गाव देतं, मग कुणाच्या वाट्याला कुणाची शेणी येते ते देव जाणे. म्हातारा पोरांना दारातनंच परतवायचा. "मी कुणाचं घेत न्हाय आन् कुणाला देत न्हाय. माझं मी बघीन." मेल्यावर तू कसा बघणार, असं एका पोरानं विचारलं तर त्याच्या अंगावर काठी घेऊन धावला.

आमची भांडणं तर वर्षभर चालायची. फोडलेल्या लाकडाच्या ढलप्या उडून माझ्या वाळत घातलेल्या मिरचीत पडायच्या. मी म्हटलं, "मामा, गिऱ्हाइकाच्या चटणीत ढलपी निघाली तर काय सांगू?"

"सांग, बाभळीची हाय. दाताला चांगली."

"आणि दात पडला म्हणजे?"

"तुझं ते मशीन बंद कर आदी. डोस्कं उठलं त्या आवाजानं. आमची आय उखळात कांडत हुती. तुमचं काय हात मोडल्यात?"

म्हणजे मोडल्यात तर आमचेच मोडल्यात, त्याचे कधीच नाहीत.

त्याच्या जळणाची रास मात्र बघण्यासारखी असायची, हे कबूल करते. मिरगाच्या आधी ती आमच्या मधल्या भिंतीच्याही वर जायची. पलीकडचं परडं मला दिसायचंच नाही, नुसता धूर दिसायचा आणि आवाज यायचा. सकाळी उजाडायच्या सुमाराला एकच हाक. "पाणी तापलंया." ती मामीला मारलेली असायची, पण तिचं नाव नाही, अगं नाही, काही नाही. आभाळाकडं तोंड करून सांगितल्यासारखं. मग न्हाणीचं दार वाजायचं. मी त्या हाकेवर उठायचे आणि मशीनचं बटण दाबायचे, इतकी ती हाक वक्तशीर होती.

मामीला संधिवात. थंडीत तिची बोटं सकाळी मिटत नाहीत आणि मिटली तर उघडत नाहीत. कढत पाणी अंगावर पडल्याशिवाय ती माणसात येत नाही. मुलाला हे ठाऊक होतं म्हणून त्यानं पुण्याहून गिझर पाठवला. म्हाताऱ्यानं खोकं फोडलंही नाही. चुलीजवळ भिंतीला लावून ठेवलं आणि चहा प्यायला त्यावर बसायला लागला. मुलाचा फोन आला की म्हणायचा, "व्हय, व्हय, लई उपयोगाला येतंय." आणि फोन ठेवला की मामीला म्हणायचा, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बापाचं काम काढून घ्याया निघालाय."

आता बघा. आईला आयतं गरम पाणी मिळावं असं मुलाला वाटतं, आणि बापाला त्यात कटकारस्थान दिसतं. अशा माणसाबद्दल आदर वाटून घ्यायचा म्हटलं तर कुठून वाटून घ्यायचा?

मग वय झालं. कुणाचं होत नाही? पण बाकीचे लोक ते मान्य करतात.

मला ते आधी ऐकू आलं. पूर्वी एक घाव, एक फोड. मी मशीनवर बसून आवाजावरनं सांगायचे, आता फुटलं. मग एका फोडीला दोनतीन घाव पडायला लागले. मग घाव आणि त्यापुढं नुसती शांतता. एकदा उठून बघितलं तर कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली आणि म्हातारा दांड्यावर हात टेकून उभा, फोटो काढून घेतल्यासारखा. कुऱ्हाड निघत नव्हती. मी बघते म्हटल्यावर म्हणाला, "इसावा घेतोय." संध्याकाळपर्यंत कुऱ्हाड तिथंच, म्हातारा घरात. शेवटी मामीनं ओंडक्यावर पाय रोवून ती हिसकून काढली आणि मुकाट्यानं कोपऱ्यात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी हा चहाच्या गाड्यावर सांगत होता, जांभळीचा ओंडका एका घावात उडवला म्हणून.

उजवा खांदा गेला होता. कुऱ्हाड डोक्याच्या वर जातच नव्हती. ओंडक्यांच्या फांद्या झाल्या, फांद्यांच्या काटक्या झाल्या. ज्या गुलमोहराला जन्मभर नावं ठेवली त्याच्या वाळक्या शेंगा पिशवीत भरून आणायला लागला. मी सोडते काय? म्हटलं, "काय मामा, बाभळीला शेंगा लई मोठ्या आल्यात ह्या वर्षी."

पिशवी पाठीमागं धरून म्हणाला, "हात मोडल्यात काय..." आणि पुढचं विसरला.

रास दर मिरगाला खाली खाली येत गेली. भिंतीच्या खाली आली तेव्हा मला त्यांच्या घराचं दार दिसायला लागलं. मग न्हाणी दिसायला लागली. शेवटच्या वर्षी ती गुडघ्याएवढी होती आणि दिवाळीतच संपली. सगळं परडं उघडं पडलं. नको असलं तरी दिसणारच.

थंडीतली एक सकाळ. मामी न्हाणीतनं बाहेर आली आणि धुण्याच्या दगडापाशी बसली. तिला लुगडं पिळता येत नव्हतं. ओठ काळेनिळे, हनुवटी उडत होती. मी भिंतीवरून विचारलं, "मामी, पाणी तापलं न्हवतं?"

"तापलं की. वाईच कमी."

मी चपला घातल्या आणि वळसा घालून त्यांच्या पुढच्या दारानं सरळ आत गेले. म्हातारा खोक्यावर बसून चहा फुंकत होता.

"मामा, बसलाय कशावर?"

"खोक्यावर."

"आणि खोक्यात काय हाय?"

"ज्यानं पाठवलंय त्येला इचार."

"गिझर हाय. बटण दाबलं की पाणी कढतंय. मामीची बोटं बघा जाऊन. तुमच्या हट्टापायी त्या बाईनं कुडकुडायचं व्हय?"

त्यानं चहा बशीत ओतला. "माझ्या घरचं पाणी माझं मी तापवीन. हात मोडल्यात काय माझं?"

"मोडल्यात," मी म्हटलं. "खांदा मोडलाय, हात मोडल्यात, माज तेवढा मोडत न्हाय तुमचा. उद्या काटकी मिळाली न्हाय, मग काय करणार? वखारीतनं आणा, न्हायतर हे खोकं फोडा."

म्हाताऱ्यानं बशी न पिताच खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "मग हितं माझं काय काम?"

एवढं बोलला आणि लगेच माझ्यावर खेकसला, जा, तुझं मशीन मोकळं पडलंय. मला त्या वेळी त्याची रतीभर कीव आली नाही. काम पाहिजे तर भाजी निवड, लसूण सोल, देवळात जाऊन बस. बायको गारठवणं हे काय काम झालं? दारात मामी उभी होती. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येंच्या हातचं हाय, मी गप घेतो अंगावर."

दोघंही एका माळेचे मणी. मी घरी आले ती रागानं फणफणतच, आणि ठरवलं, ह्याचं नाक ह्याला न कळता कापायचं.

वखारीतनं बंबफोड आणवली. दुपारी म्हातारा झोपला की भिंतीवरून थोडी थोडी पलीकडं टाकायची, त्याच्या उरल्यासुरल्या काटक्यांत मिसळायची. गाजावाजा नको म्हणून मी ती मोकळ्या पोत्यांत भरून आणली. पोती मिरचीची. कांडपात जन्म घालवलेल्या बाईला एवढं सुचू नये? पण मला आता मिरचीचा वासच येत नाही. माझ्या घरात येणारा पाहुणा दारातच शिंकतो आणि मी विचारते, सर्दी झाली काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच नाही. त्याऐवजी ठसका ऐकू आला. आधी म्हाताऱ्याचा, मग मामीचा, मग शेजारच्यांचा, मग सगळ्या गल्लीचा. दूधवाला तोंडावर हात धरून सायकल फिरवून परत गेला. मी परड्यात धावले. बंबातनं तांबूस धूर निघतोय, म्हातारा डोळे चोळतोय, आणि मामी पदरात तोंड खुपसून खोकते आहे का हसते आहे, ते कळत नाही.

म्हाताऱ्यानं मला बघितलं. डोळे लालबुंद, नाकातनं पाणी. "दिष्ट काढलीस व्हय गं माझी?"

आमच्याकडं माणसावरनं मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात. ठसका लागला नाही तर समजायचं, दृष्ट लागलेली होती.

"आता लागलाय न्हवं ठसका?" तो म्हणाला. "मग दिष्ट न्हाय. मला कुणाची बी दिष्ट न्हाय." मग काटक्यांतली एक फोड उचलून तिचं टोक बघितलं. गुळगुळीत, करवतीनं कापलेलं. "हे कुणाचं?"

"मला काय म्हाईत."

"करवतीनं कापलंय. वर मिरची लावलीया."

"झाडालाच असंल," मी म्हटलं.

त्यानं ती फोड खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि आत गेला.

मीही कोल्हापूरची. पुढची बंबफोड मी झटकली, उन्हात पसरली, धुतलेल्या घमेल्यातनं नेली. मग दर थोड्या दिवसांनी दुपारी भिंतीवरून पलीकडं. दुसऱ्या दिवशी बघावं तर टाकलेली फोड जागेवर नसायची. आणि गंमत म्हणजे पाणी तापायला लागलं. सकाळी भरपूर धूर, ठरल्या वेळी हाक, "पाणी तापलंया," आणि मामी न्हाणीतनं बाहेर यायची ती अंगातनं वाफा निघत. बोटं चालायला लागली. लुगडं पिळायला लागली.

मी जिंकले होते. कांडपावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं, म्हातारा मोडला. जन्मभर दुसऱ्याची काटकी न घेणारा हा मर्द गडी माझी बंबफोड गुपचूप जाळतोय. आणि खरं सांगते, तो माझ्या मनातनं आधीपेक्षा जास्त उतरला. हट्टी होता तेव्हा निदान त्याच्याशी भांडायला मजा यायची. आता गल्लीत समोर आला की खाली बघून जायचा. हात मोडल्यात काय, हे म्हणणंही बंद झालं. फुकटचं मिळालं की सगळ्यांचा माज असाच विरघळतो, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "पण पाणी तापतंय न्हवं? सोड की."

फाल्गुन लागायच्या आधी एका सकाळी नेहमीसारखी हाक आली. पाणी तापलंया. न्हाणीचं दार वाजलं, मी मशीनचं बटण दाबलं. थोड्या वेळानं मामीचा आवाज आला, "अगं ये. ये की हिकडं जरा." ओरडणं नव्हतं, म्हणून मी सावकाश गेले.

म्हातारा बंबापाशी दगडावर बसला होता, पाठ भिंतीला, दोन्ही तळहात शेकायला पुढं केलेले. बंब अजून गरम होता. मामी ओल्या केसांनी शेजारी उभी. "आंघूळ करून आलो तर असं," ती म्हणाली. "बोलत न्हाईत."

नदीवर त्याला शेणींवर ठेवला. तालमीच्याच पोरांनी सगळं केलं. कुणाचं घेत नाही म्हणणारा म्हातारा शेवटी सगळ्या गावाच्या शेणींवर गेला, आणि त्यात आमच्या घरच्याही असतील. आमचे हे नदीवरनं आल्यावर मला सांगायला लागले तर मी म्हटलं, आता तरी गप निजला ना? तिथं नाही उठून बसला?

तेराव्यानंतर मामीनं मला बोलावलं. "तुझी लाकडं तेवढी घिऊन जा बाई."

"कुठली लाकडं?"

ती मला न्हाणीच्या मागं घेऊन गेली. विटा मांडून, जमिनीपासून वर, भिंतीला लावून एक रास रचलेली. वर म्हाताऱ्याचा सायकलवर घालायचा रेनकोट पांघरलेला, चारी बाजूंनी खोचून, वर दगड ठेवलेले. मी रेनकोट उचलला. माझी बंबफोड. करवतीची गुळगुळीत टोकं एका रेषेत. मिरचीवाली पहिली खेपसुद्धा होती, वेगळी, कडेला. त्या ठसक्याच्या सकाळी जेवढी जळाली तेवढी सोडली तर एक फोड कमी नव्हती.

"म्हणायचं, दुसऱ्याची वस्त हाय, भिजाय नगो," मामी म्हणाली. "रोज बघून तुला शिव्या घालायचं. मग उठून झाकून यायचं."

"मग जाळत काय होते, मामी? धूर निघत होता की रोज. पाणी कढत होतं."

ती मला घरात घेऊन गेली. सुतकाच्या दिवसांत मी त्या घरात येऊन जाऊन होते, पण तेव्हा माणसं बसायला सामान हलवतातच, म्हणून मला काही वाटलं नव्हतं. आता बघितलं. खाट नव्हती. भांड्यांची मांडणी नव्हती, भांडी जमिनीवर ओळीनं. जेवायचे पाट नव्हते. खुर्ची नव्हती. दारामागची काठी नव्हती. जे फोडावं लागत नाही, नुसतं सांध्यातनं निखळतं, ते ते सगळं म्हाताऱ्यानं एकेक करून बंबात घातलं होतं. गिझरचं खोकं तेवढं होतं तिथंच होतं.

खिडकीत कुऱ्हाड होती. नुसतं पातं. भोकातनं उजेड दिसत होता.

"दांडा?" मी विचारलं.

"त्या दिवशी सकाळी," मामी म्हणाली. "दुसरं काय ऱ्हायलंच न्हवतं. बाभळीचा हुता. पाणी लई कढत झालतं त्या दिवशी."

मला इतका राग आला की रडू आलं. म्हटलं, "मूर्ख माणूस. अडाणी, हेकट, माजोरी माणूस. आणि तुम्ही? तुम्ही एका शब्दानं बोलला न्हाई?"

"बोलून ऐकलं असतं व्हय?" मामीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिची बोटं सरळ होती. "रडू नगो. पाणी तर दिलं की शेवटपातूर."

मुलगा पुण्याला परत जायच्या आधी गिझर बसवून गेला. आईला चल म्हणत होता, ती गेली नाही. मला वाटलं होतं, मामी आता त्या गिझरला हात लावणार नाही, डोळ्यांतनं पाणी काढेल, म्हाताऱ्याच्या बंबापाशी बसेल. कसलं काय. चार दिवसांनी मला म्हणाली, "लई झ्याक हाय गं. धूर न्हाय, डोळं चुरचुरत न्हाईत. उगंच एवढी वरसं धूर खाल्ला." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हटलं, ऐका मामा, जिथं असाल तिथं.

बंबफोड मी घरी आणली. आमच्याकडं गॅसचा गिझर आहे, तिचा काही उपयोग नाही. वखारवाला परत घेत नाही. मिरचीच्या पोत्यांशेजारी पडली आहे, पुन्हा लाल व्हायला लागली आहे. होळीला पोरं शेणी मागायला आली तेव्हा तीच द्यावी असं मनात आलं होतं. मग नाही दिली. का नाही दिली, ते मला सांगता येत नाही.

पण एक लचांड म्हातारा माझ्या गळ्यात बांधून गेलाच. त्यांच्या परड्यात आता रास नाही, मधल्या भिंतीवरून सगळं दिसतं. एका सकाळी बघितलं तर मामी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेली, खांद्यावर टॉवेल. आत गिझरचा दिवा केव्हाच विझलेला.

"मामी, बसलाय का? पाणी गार व्हायचं."

"तापलं का न्हाय, कळंना."

"दिवा गेला म्हंजे तापलं. तुमच्या लेकानं सांगितलंय न्हवं?"

"दिवा काय बोलतोय व्हय," मामी म्हणाली, आणि बसून राहिली.

तेव्हापासून रोज मशीन सुरू करायच्या आधी मी परड्यात जाते. मनातल्या मनात म्हाताऱ्याला दोन शिव्या घालते. मग भिंतीवर हात टेकून, मामीकडं न बघता, आभाळाकडं तोंड करून ओरडते, "पाणी तापलंया."

मामी उठते आणि न्हाणीचं दार वाजतं.